रांजणवाडी स्टुटगार्टला, औषध नाशिकहून?

प्रश्न : माझा २६ वर्षांचा मुलगा नोकरीनिमित्त जर्मनीत स्टुटगार्टला असतो. हिवाळा सुरू झाल्यापासून त्याच्या डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर सारखी रांजणवाडी येते आहे. एक बसते न बसते तोच शेजारी दुसरी उठते. तिथल्या डॉक्टरांनी गरम शेक द्या आणि पापणी स्वच्छ ठेवा एवढेच सांगून परत पाठवले, औषध काहीच दिले नाही. शेवटी मीच इथल्या ओळखीच्या मेडिकलमधून थेंब घेऊन त्याच्या मित्राबरोबर पाठवले. चार दिवसांत डोळा स्वच्छ झाला, पण थेंब थांबवल्यावर आठवड्याभरात पुन्हा तेच. असे दोनदा झाले. आता पापणीत एक न दुखणारी गाठ राहिली आहे, कडा लाल असतात आणि सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. तो लेन्स वापरतो. त्याच्या वडिलांना मधुमेह आहे. थेंबांच्या पाच-सहा बाटल्या आणि अँटिबायोटिक गोळ्यांचा एक कोर्स कुरियरने पाठवू, की त्याला सुट्टी काढून नाशिकलाच बोलावून घेऊ? सासूबाई खारकेची बी उगाळून लावायला सांगतात, तेही कळवावे का? – एक आई, इंदिरानगर, नाशिक

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन मुख्य प्रश्नांची उत्तरे आधी देते, म्हणजे पत्र संपेपर्यंत जीव टांगणीला लागणार नाही. थेंब आणि गोळ्या कुरियरने पाठवू नका. निव्वळ या कारणासाठी त्याला नाशिकला बोलावण्याचीही आज गरज दिसत नाही, कारण या दुखण्यावर जो इलाज व्हायला हवा तो स्टुटगार्टमध्ये पुरेपूर होऊ शकतो. मात्र एक काम लांबणीवर टाकू नये, आणि ते म्हणजे तुम्ही पाठवलेल्या थेंबांची बाटली बरोबर घेऊन त्याने तिथल्या नेत्रतज्ज्ञांकडे जाणे आणि ती त्यांना दाखवणे.

तुम्ही औषधाचे नाव लिहिलेले नाही. पण लाली, सूज आणि ठणका चार दिवसांत एकदम नाहीसा होतो आणि थेंब थांबवताच सगळे परत येते, या वर्णनावरून त्यात अँटिबायोटिकच्या जोडीला स्टेरॉईड असावे अशी मला दाट शंका आहे. त्या औषधाचे खोके घरात पडलेले असेल तर चष्मा लावून त्यावरची घटकांची बारीक ओळ वाचा. मॉक्सिफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, टोब्रामायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल, निओमायसिन ही नावे अँटिबायोटिकची आहेत. त्यांच्याबरोबर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन असे ‘सोन’ किंवा ‘लोन’ने संपणारे नाव दिसले तर ते स्टेरॉईड समजावे, लोटेप्रेडनॉल आणि डायफ्लुप्रेडनेट ही त्याच घराण्यातली, पण वेगळ्या शेवटाची नावे. अशी औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात आणि तसे खोक्यावर छापलेलेही असते, तरीही ती आपल्याकडे काउंटरवर सहज मिळतात. दुकानदार ओळखीचा असला की तो मदतीच्याच भावनेने देतो, आणि आपणही त्याच विश्वासाने घेतो.

स्टेरॉईड जंतू मारत नाही. जंतूंविरुद्ध किंवा साचलेल्या स्रावाविरुद्ध शरीर जो दाह उभा करते, तो दाह ते दाबून टाकते. त्यामुळे डोळा बरा झाल्यासारखा दिसतो आणि मूळ कारण जागच्या जागी राहते. तेवढ्यावर भागले असते तर मी इतके लिहिले नसते. परंतु काही लोकांच्या डोळ्यात स्टेरॉईडच्या थेंबांनी काही आठवड्यांतच डोळ्याचा दाब वाढतो, आणि वाढलेला दाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही, दिसण्यात लगेच फरकही पाडत नाही. तो आतल्या मज्जातंतूला हळूहळू इजा करतो. यालाच स्टेरॉईडमुळे झालेला काचबिंदू म्हणतात, आणि त्यात गेलेली नजर परत आणता येत नाही. दीर्घकाळ वापर झाला तर तरुण वयात मोतीबिंदू होऊ शकतो. डोळ्याच्या बुबुळावर हर्पिसच्या विषाणूची जखम असेल तर स्टेरॉईडने ती पसरते. नाशिक जिल्ह्यात तर याचे एक दुःखद रूप नेत्रतज्ज्ञांच्या परिचयाचे आहे : द्राक्षाच्या छाटणीत काडी लागते किंवा मक्याचे पान डोळ्याला चाटून जाते, बुबुळावर बुरशीचा संसर्ग सुरू होतो, आणि कुणीतरी दिलेले स्टेरॉईडचे थेंब घातल्याने दोन दिवस बरे वाटून मग बुबुळ पांढरे पडत जाते.

तुमच्या मुलाला यातले काही झाले आहे असे माझे म्हणणे नाही. थोड्या दिवसांच्या दोन वापरांनी बहुतेकांच्या डोळ्याला कायमची इजा होत नाही. पण त्याच्या दोन्ही डोळ्यांचा दाब एकदा मोजला गेला पाहिजे, आणि तो मोजायचा हे तिथल्या डॉक्टरांना सुचण्यासाठी त्यांना या थेंबांबद्दल कळायला हवे. अनेक मुले परदेशी डॉक्टरांपुढे भारतातून आणलेल्या औषधाचे नाव काढायला संकोचतात, त्यांना रागावतील असे वाटते. तुम्ही त्याला ठामपणे सांगा की लपवू नकोस. सध्या तो थेंब घालतच असेल तर ते कसे थांबवायचे, हेही त्याच भेटीत ठरू द्या. आणखी एक शक्यता त्यांनी तपासावी : काही जणांना निओमायसिनची किंवा थेंबांतल्या टिकाऊपणासाठी घातलेल्या रसायनाचीच ॲलर्जी असते, आणि तेव्हा पापणीची लाली थेंबांनीच टिकून राहते.

आता दुखण्याकडे वळू. आपल्या प्रत्येक पापणीच्या आत, कडेला काटकोनात, तेल तयार करणाऱ्या लांबट ग्रंथींची रांग असते. वरच्या पापणीत साधारण ३० ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३०. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. या ग्रंथींचे तेल प्रत्येक उघडझापीबरोबर अश्रूंवर पसरते आणि अश्रू वाळू देत नाही. निरोगी माणसाच्या पापणीची कड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर टोकदार सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रे एका ओळीत दिसतात, आणि पापणी हलकेच दाबली की त्यांतून स्वच्छ, पातळ तेल येते. ज्याला वारंवार रांजणवाडी होते त्याच्या कडेवर हीच छिद्रे पिवळट टोपण बसल्यासारखी बंद झालेली असतात, दाबल्यावर तेलाऐवजी घट्ट पांढरा स्राव कसाबसा बाहेर पडतो, कडेवर बारीक रक्तवाहिन्या उमटलेल्या असतात आणि पापणीच्या केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे पापुद्रे चिकटलेले असतात. निफाडच्या थंडीत बरणीतले साजूक तूप जसे गोठून बसते, तसेच हे तेल ग्रंथीत गोठते. वाट बंद होते, मागे स्राव साचतो, आणि पापणीवर सगळ्यांच्याच वस्तीला असलेले स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू त्यात वाढतात.

जंतूंचा संसर्ग होऊन लाल, ठणकणारा फोड आला की ती रांजणवाडी. ती बहुधा एक-दोन आठवड्यांत फुटते किंवा जिरते. ग्रंथीतला स्राव आसपासच्या पेशींत झिरपून न दुखणारी कठीण गाठ राहिली की तिला कॅलॅझिऑन म्हणतात. तुमच्या मुलाच्या पापणीत आता जी गाठ आहे ती बहुतेक हीच असावी. या गाठीत जिवंत संसर्ग सहसा नसतो, म्हणून तिच्यावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही, मग ते नाशिकचे असो की जर्मनीचे. आणि या दोन्हींच्या पाठीशी असलेले, कडेचे दीर्घकाळ चालणारे दुखणे म्हणजे ब्लेफरायटिस. सकाळी पापण्या चिकटणे आणि कडा कायम लाल असणे ही त्याचीच खूण आहे. रांजणवाडी एकदा येऊन गेली तर तिचा विचार करण्याचे कारण नाही. ती शेजारी-शेजारी येतच राहिली तर कडेवर उपचार करावे लागतात.

हिवाळ्यातच हे का सुरू झाले, याचे उत्तर त्याच्या दिनक्रमात सापडण्यासारखे आहे. बाहेर कडक थंडी आणि खोलीत हीटरची कोरडी हवा, दिवसभर संगणक, ज्यासमोर आपण नेहमीपेक्षा कमी वेळा आणि अर्धवट पापणी मिटतो, आणि त्यात लेन्स. लेन्स त्याने आजच बंद करावी, चष्मा वापरावा, आणि डोळा पूर्ण शांत होऊन डॉक्टरांनी होकार देईपर्यंत परत लावू नये. दुखण्याच्या काळात वापरलेली लेन्स आणि तिची डबी टाकून द्यावी. याखेरीज त्याच्या गालावर आणि नाकावर लाली येते का, तिखट किंवा गरम खाल्ल्यावर चेहरा तापतो का, हेही विचारा. रोझेशिया नावाच्या त्वचेच्या दुखण्यात पापण्यांच्या ग्रंथी अशाच बिघडतात, आणि सावळ्या वर्णावर ही लाली सहज नजरेतून सुटते.

म्हणजे, ताई, तिथल्या डॉक्टरांनी सांगितलेला शेक आणि स्वच्छता हाच या दुखण्याचा मुख्य इलाज आहे. तुमचा राग मला समजतो. मूल हजारो मैलांवर एकटे आहे, डोळ्यासारखा नाजूक अवयव आहे आणि डॉक्टर पाच मिनिटांत ‘गरम शेक द्या’ म्हणून मोकळे होतात, तेव्हा त्यांनी दुर्लक्ष केले असेच कुठल्याही आईला वाटेल. त्यांचे जे कमी पडले ते असे की शेक कसा, किती वेळ आणि किती आठवडे द्यायचा हे त्यांनी नीट सांगितले नाही, आणि अर्धवट दिलेला शेक न दिल्यासारखाच असतो.

गोठलेले तेल वितळण्यासाठी पापणीला साधारण ४० अंश सेल्सियसची ऊब सलग ५ ते १० मिनिटे मिळावी लागते. गरम पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल दोन मिनिटांत निवतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा गरम करावा लागतो, आणि बहुतेक जण इथेच कंटाळतात. त्यापेक्षा सोपा उपाय तुम्ही करू शकता. जुन्या धुतलेल्या सुती साडीच्या किंवा मलमलच्या कापडाची, डोळ्यावर बसेल एवढी छोटी पिशवी शिवून पाठवा. दोन-तीन शिवा, म्हणजे धुवायला टाकता येतील. आत तांदूळ किंवा जवस त्याने तिथेच विकत घेऊन भरावे आणि पिशवी मायक्रोवेव्हमध्ये थोडी थोडी करत गरम करावी. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून सोसते की नाही हे पाहिल्याशिवाय ती डोळ्यावर ठेवू नये, कारण पापणीची त्वचा फार पातळ असते आणि जास्त गरम शेकाने ती भाजते. सध्या दिवसातून तीन-चार वेळा, आणि डोळा शांत झाल्यावर दिवसातून एकदा.

शेकानंतर लगेच, तेल पातळ आहे तोवर, स्वच्छ धुतलेल्या बोटाने हलका मसाज करावा : वरच्या पापणीवर वरून खाली आणि खालच्या पापणीवर खालून वर, म्हणजे दोन्हींकडे पापणीच्या केसांच्या दिशेने. ठणकणाऱ्या ताज्या फोडावर मसाज करू नये, आणि फोड कधीही नखाने फोडू किंवा दाबून पिळू नये. त्यानंतर केसांच्या मुळाशी चिकटलेले पापुद्रे पुसून काढायचे. तिथल्या औषधाच्या दुकानात, ज्याला ते आपोथेके म्हणतात, पापणीच्या कडेच्या स्वच्छतेसाठी तयार पुसण्या मिळतात, आणि ‘लिडरांडप्फ्लेगे’ म्हटले की दुकानातले फार्मासिस्ट त्या काढून देतील. त्या नसतील तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात बेबी शॅम्पूचे काही थेंब घालून कापसाने कड पुसली तरी चालते. ते चुरचुरत असेल तर थांबवावे. प्रत्येक डोळ्याला नवा कापूस, चेहऱ्याचा टॉवेल वेगळा, उशीचा अभ्रा वारंवार बदललेला. इंटरनेटवर टी ट्री तेलाचा उपाय सुचवला जातो. शुद्ध तेल डोळ्याजवळ लावले तर बुबुळ भाजू शकते, म्हणून ते लावू नये. हे सगळे नेमाने केल्यावर फरक दिसायला तीन-चार आठवडे लागतात. थेंबांनी चार दिवसांत डोळा उजळल्याचा अनुभव असलेल्या मुलाला एवढा धीर धरायला सांगणे कठीण आहे हे मी जाणते, आणि म्हणूनच तुमच्या रोजच्या फोनची इथे खरी गरज आहे.

सासूबाईंच्या उपायाबद्दल विचारलेत. खारकेची बी, लवंग, तळहातावर घासून गरम केलेले बोट, यांतला उबेचा भाग अगदी योग्य आहे आणि तो अनुभवातूनच आलेला आहे. पण सहाणेवर उगाळलेला लेप निर्जंतुक नसतो, आणि तो वाळून त्याचे कण डोळ्यात गेले तर बुबुळाला ओरखडा पडतो. मध, दूध, गुलाबपाणी डोळ्यात घालण्यालाही माझा हाच आक्षेप आहे. सासूबाईंना सांगा की शेक आम्ही ठेवला आहे, फक्त उगाळणे सोडले आहे.

तिथल्या डॉक्टरांकडे परत कसे जायचे, याबद्दल थोडे तपशिलात लिहिते, कारण पहिल्या भेटीत हिरमोड झाला की आपली मुले दुसऱ्यांदा जात नाहीत. पहिल्या वेळी तो बहुधा हाउसआर्ट्स्ट, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरांसारख्या डॉक्टरांकडे गेला असावा. आता त्याने नेत्रतज्ज्ञांची, म्हणजे आउगेनआर्ट्स्टची वेळ घ्यावी. सरकारी आरोग्य विमा असेल तर ११६११७ या क्रमांकावरून किंवा त्याच सेवेच्या संकेतस्थळावरून वेळ मिळवून दिली जाते, आणि नेत्रतज्ज्ञांसाठी तिथे दुसऱ्या डॉक्टरांच्या शिफारसपत्राची अट नसते. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी डॉक्टर हवे असतील तरी हाच क्रमांक. भेटीला जाताना त्याने एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात : कधीपासून आणि किती वेळा रांजणवाडी आली, ती दर वेळी त्याच जागी येते की जागा बदलते, कोणते थेंब किती दिवस घातले, आणि वडिलांना मधुमेह आहे. प्रत्येक वेळी फोड ताजा असताना मोबाइलने काढलेले फोटो फार उपयोगी पडतात, कारण वेळ मिळेपर्यंत तो बसून गेलेला असतो. तिथे रांजणवाडीला गेर्स्टेनकॉर्न आणि कॅलॅझिऑनला हागेलकॉर्न म्हणतात, एवढे दोन शब्द ठाऊक असले की डॉक्टरांचे अर्धे बोलणे समजेल.

त्या भेटीत डॉक्टर कडेला लावायचे अँटिबायोटिक मलम देतील, किंवा गरज वाटली तर डॉक्सिसायक्लिन वा अझिथ्रोमायसिनसारख्या गोळ्या. डॉक्सिसायक्लिन इथे जंतूंबरोबरच ग्रंथींचा दाह कमी करण्यासाठी कित्येक आठवडे कमी मात्रेत दिले जाते, म्हणून तुम्ही म्हणता तसा गोळ्यांचा एक कोर्स पाठवून त्याचे काम होणार नाही. ती गोळी भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायची असते, दुधाबरोबर घ्यायची नसते, आणि तिने त्वचा उन्हात लवकर भाजते. थोड्या दिवसांसाठी सौम्य स्टेरॉईडही ते देऊ शकतात. दाब मोजून, तारीख ठरवून दिलेल्या स्टेरॉईडला माझा विरोध नाही. गाठ महिना-दीड महिन्यात शेकाने विरली नाही तर पापणीच्या आतल्या बाजूने छोटा छेद घेऊन ती काढतात. जागा बधिर करून होणारे हे काम थोड्या मिनिटांचे असते आणि त्याच दिवशी घरी जाता येते. मात्र एकाच जागी गाठ पुन्हा पुन्हा येत असेल किंवा तिथले पापणीचे केस गळत असतील तर तिचा तुकडा तपासणीला पाठवावा, हा नियम कुठल्याही वयात पाळावा. २६ व्या वर्षी त्यात काही गंभीर निघण्याची शक्यता अगदी कमी, पण उतारवयातल्या वाचकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. आणि वडिलांना मधुमेह असल्याने मुलाची रक्तातली साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) एकदा तपासून घ्या, कारण वारंवार होणारे फोड हे कधीकधी मधुमेहाचे पहिले लक्षण असते.

औषधे पाठवण्याचा व्यवहारी भागही सांगते. युरोपीय संघाबाहेरून टपालाने किंवा कुरियरने खासगी व्यक्तीला औषधे मागवण्यास जर्मनीत सर्वसाधारणपणे मनाई आहे, त्यामुळे तुमचे पार्सल कस्टममध्ये अडेल. प्रवाशाला स्वतःच्या वापरापुरती औषधे बरोबर नेता येतात. मित्राच्या सामानातून जाणाऱ्या तुमच्या मुलाच्या बाटल्या त्या सवलतीत बसत नाहीत, आणि त्या मित्राला आपण विनाकारण अडचणीत टाकतो. माझ्यासारख्या नाशिकच्या डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी तिथल्या दुकानात चालत नाही. उलट तिथल्या डॉक्टरांनी औषध लिहून दिले तर २०२४ पासून ते इलेक्ट्रॉनिक चिठ्ठीने थेट मिळते, विम्याचे कार्ड दाखवले की झाले, आणि सरकारी विमा असलेल्याला त्या औषधाचे साधारणपणे ५ ते १० युरोच भरावे लागतात. पापणीच्या पुसण्या मात्र स्वखर्चाने घ्याव्या लागतील.

जर्मनीबाहेर मुले असलेल्या वाचकांसाठी थोडक्यात : ब्रिटनमध्ये १११ क्रमांकावर सल्ला मिळतो आणि क्लोरॅम्फेनिकॉल हे साधे अँटिबायोटिक फार्मासिस्टकडून चिठ्ठीशिवाय मिळू शकते, पण ते डोळे येण्यावर आहे, पापणीतल्या गाठीवर नाही. अमेरिकेत ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर देणारे तज्ज्ञ, पापणीची तपासणी करून बहुतेक ठिकाणी औषधही लिहून देऊ शकतात, तेव्हा नेत्रतज्ज्ञांची वेळ लांबची असल्यास आधी त्यांच्याकडे जावे. विम्यात काय बसते ते मात्र आधी विचारून घ्यावे.

आता जे लिहिते ते मुलाला शब्दशः कळवा. संपूर्ण पापणी सुजून डोळा उघडेनासा झाला, ताप आला, डोळा इकडे-तिकडे फिरवताना आत दुखू लागले, डोळा पुढे आल्यासारखा वाटला, एकाचे दोन दिसू लागले किंवा नजर धुरकट झाली, तर संसर्ग पापणीच्या मागे, डोळ्याच्या खोबणीत उतरला असण्याची शक्यता असते. अशा वेळी पुढच्या आठवड्याच्या वेळेची वाट पाहायची नाही आणि आईला फोन करून विचारायचेही नाही. डोळ्यांच्या तातडीच्या विभागात लगेच जायचे, आणि जाणे शक्य नसेल तर ११२ क्रमांकावर फोन करायचा. कपाळाच्या एकाच बाजूला, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर बारीक पाण्याचे फोड उठले तर ती नागीण असू शकते, आणि तिचे औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झाले तर डोळा वाचवण्याची संधी चांगली असते. तेज प्रकाश अजिबात सहन न होणे आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे, विशेषतः लेन्स वापरणाऱ्याच्या डोळ्यात, हेही त्याच दिवशी दाखवण्याचे कारण आहे.

पुढे दिवाळीला किंवा २०२७ च्या सिंहस्थाला तो घरी येईल तेव्हा तिथल्या तपासणीचे कागद घेऊन यावे. इथल्या नेत्रतज्ज्ञांना डोळ्याच्या दाबाचे आकडे तुलनेला उपयोगी पडतील. गाठ त्या सुमारास काढून घेतली असेल तर जखम पूर्ण भरेपर्यंत त्याने रामकुंडात डोके बुडवून स्नान करू नये. तोवर, तिथल्या नेत्रतज्ज्ञांनी काय निदान केले आणि दाब किती आला, हे या सदराला जरूर कळवा. काही शंका राहिली तर त्यांना काय विचारायचे ते मी आनंदाने सुचवीन. औषध बदलण्याचा निर्णय मात्र सूक्ष्मदर्शकातून त्याची पापणी पाहणाऱ्या डॉक्टरांवरच सोपवा.